विकणारा हयात आहे तोवर रजिस्ट्री करून घ्या

अमरावती, बडनेरा, अकोला, मूर्तिजापूर, अचलपूर, अकोट, दर्यापूर या शहरांत आणि त्यांच्या अवतीभवती ज्यांनी नोटरीवर प्लॉट घेतला, इसारचिठ्ठी आणि ताबापावती एवढ्याच कागदांवर घर बांधले, त्या सगळ्यांना ही हात जोडून विनंती आहे. कपाटातली ती फाइल आज काढा. ज्याच्याकडून जागा घेतली तो माणूस कुठे आहे, कसा आहे, याची चौकशी करा. तो हयात असेल आणि सही करायला तयार असेल, तर लग्नकार्य, सोयाबीनचा चुकारा, पोरांच्या परीक्षा हे सगळे सांभाळूनही आधी रजिस्ट्री उरकून घ्या.

ही घाई कशासाठी, ते सांगतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शहराला लागून असलेल्या एखाद्या एकरभर शेतात चुन्याच्या रेघा पडल्या. शेतकऱ्याने इसार घेऊन कुणाला तरी मुख्त्यारपत्र दिले, त्या माणसाने कागदावर प्लॉट पाडले आणि शंभराच्या मुद्रांकावर एकेक विकून टाकला. घेणारे कोण होते? एसटीचे वाहक, जिल्हा परिषदेचे शिक्षक, एमआयडीसीतले कामगार, बाजार समितीतले मापारी. गावाकडचे दोन एकर विकून किंवा भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलून त्यांनी हजार-बाराशे फूट जागा घेतली. रजिस्ट्री झाली नाही, कारण १९४७चा तुकडेबंदी कायदा आड येत होता. ठरवून दिलेल्या क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी कायद्याने नोंदवता येत नव्हती. म्हणून नोटरी झाली. मग घर उभे राहिले, विजेचे मीटर आले, महापालिकेचा कर लागला. अकोल्याची हद्द २०१६ मध्ये वाढली, मलकापूर, उमरी, गुडधी, शिवणी, खडकी ही गावे शहरात आली आणि तिथल्या माणसाला वाटले, आता आपण पक्के शहरवासी झालो.

सात-बारावर मात्र नाव त्या शेतकऱ्याचेच राहिले.

टॅक्सपावती, वीजबिल, आधार कार्डावरचा पत्ता यांतले काहीही मालकीचा पुरावा ठरत नाही. नोटरी केवळ सही करणाऱ्याची ओळख पटवते, जागा कुणाच्या नावावर करत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे १९०८च्या नोंदणी कायद्यापासून चालत आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे आणखी ठासून सांगितले: मुख्त्यारपत्र, करारनामा आणि ताबा एवढ्यावर मालकी मिळत नाही. घर आपले म्हणून राहतो, रंग देतो, वर मजला चढवतो आणि कायद्याच्या लेखी जमीन दुसऱ्याची असते. बँक अशा घरावर गृहकर्ज देत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी तारण ठेवता येत नाही. विकायला काढले तर गिऱ्हाईक निम्म्या भावात मागते.

आता दार थोडे उघडले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने तुकडेबंदी कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती केली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींच्या हद्दीत आणि विकासासाठी निश्चित केलेल्या भागांत झालेले असे व्यवहार कोणतेही अधिमूल्य न घेता नियमित करायची सोय झाली. यासाठी पूर्वी रेडीरेकनरच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे, नंतर ती ५ टक्क्यांवर आली होती, आता तीही नाही. रजिस्ट्री झाली होती पण फेरफार अडला होता, अशांची नावे सात-बारावर लागतील आणि इतर हक्कातला तुकडेबंदीचा शेरा निघेल. ज्यांचा व्यवहार नोटरीवरच राहिला, त्यांनी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क भरून दस्त नोंदवायचा आहे.

इथेच खरी अडचण आहे. अधिमूल्य सरकारने माफ केले, पण विकणाऱ्याची सही सरकार आणून देणार नाही. ज्याने १९९८ किंवा २००५ साली जागा विकली तो आज सत्तरी-ऐंशीला आला आहे. तो गेला की त्याने दिलेले मुख्त्यारपत्र साधारणपणे त्याच्यासोबतच संपते. सात-बारावर वारसांची नावे चढतात: मुले, सुना, नातवंडे, पुण्याला आणि सुरतेला दिलेल्या मुली. मुलींचा हक्क खरा आहे, वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने तो पक्काही झाला आहे. पण बापाने काय विकले, कितीला विकले, हे त्यांना ठाऊक नसते आणि त्यांनी आजच्या भावाने फरक मागितला तर त्यात नवल नाही. जिथे एका म्हाताऱ्याच्या अंगठ्याने काम झाले असते तिथे अकरा जणांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक दुबईत असतो.

म्हणून पुढची पावले लवकर उचला. लेआउटमधल्या सगळ्यांनी मिळून विकणाऱ्याकडे जा, एकट्याने जाऊ नका. एकत्र गेलात तर वकिलाचा खर्च वाटला जातो आणि समोरच्यालाही एकदाच यावे लागते. मुद्रांकाचा, टायपिंगचा, गाडीचा खर्च आपण करू असे आधीच सांगा. तो अंथरुणाला खिळलेला असेल तरी हताश होऊ नका. दुय्यम निबंधकाने घरी येऊन दस्त नोंदवण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे, त्यासाठी अर्ज करावा लागतो. वारसांशी बोलायचे असेल तर मानाने बोला. तुमच्या बाबांनी आम्हाला जागा दिली, आम्ही त्यांचे पैसे चुकते केले, ही पावती पाहा, असे सांगा. बापाचा शब्द राखणारी माणसे वऱ्हाडात अजून पुष्कळ आहेत. कुणी साफ नकार दिला तर मात्र नुसते बसून राहू नका. करार पुरा करून मागण्याच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते आणि नकार मिळाला की घड्याळ सुरू होते. त्याच आठवड्यात वकील गाठा.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. तुकड्याचा व्यवहार नियमित झाला म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असे होत नाही. त्यासाठी २००१चा गुंठेवारी कायदा वेगळा आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ घेता येतो. महापालिकेत त्याचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. रस्ता, नाली, खुली जागा यांचे प्रश्न तिथे सुटतात. दोन्ही कामे करायची आहेत, पण आधी मालकी.

आता नव्याने घेणाऱ्यांशी बोलतो, कारण कालची चूक आजही त्याच उत्साहाने चालू आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान उडाले आणि बडनेरा-यवतमाळ रस्त्यावरच्या शेतांत फलक उगवले. नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. समृद्धी महामार्ग धामणगाव आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून गेला. अमरावती-अकोला रस्त्याची ७५ किलोमीटरची एकेरी मार्गिका जून २०२२ मध्ये पाच दिवसांत डांबरून विक्रम झाला. हे सगळे चांगलेच आहे, आपल्या भागाने त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. पण माहितीपत्रकावर विमानाचे चित्र छापले म्हणून जमीन अकृषक होत नाही. सरकारनेही भाव चढल्याची नोंद घेतली आहे: १ एप्रिल २०२५ पासून रेडीरेकनरचे दर अमरावती महापालिका हद्दीत सरासरी ८ टक्क्यांनी आणि अकोल्यात ७ टक्क्यांहून अधिक वाढले, मुंबईतली वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत असताना. दस्त जितका लांबवाल तितके मुद्रांक शुल्क वाढेल.

साइटवर नेणारा माणूस गोड बोलतो. "भाऊ, सात-बारा क्लिअर हाये, कायले घाबरता? इसार टाका, एनए दिवाळीपर्यंत होते." इसार टाकण्याआधी तो सात-बारा स्वतः काढून पाहा, मोबाइलवर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. भोगवटादाराचे नाव पाहा. ते जो विकतो आहे त्याचेच आहे का? वर्ग १ की वर्ग २, हे पाहा. वर्ग २ असेल तर सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहाराला हात लावू नका. मग उजवीकडचा इतर हक्काचा रकाना बारकाईने वाचा. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाचा मनाई हुकूम, बहिणींचा हिस्सा, सगळे याच अरुंद चौकोनात बारीक अक्षरात दडलेले असते आणि बहुतेक जण तो चौकोन न वाचता क्षेत्रफळावर बोट ठेवून समाधान मानतात. शहराच्या भूमापन हद्दीत असाल तर सात-बाऱ्याऐवजी आखीव पत्रिका मागा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्या आणि जाहीर सूचना द्या. देशोन्नती किंवा हिंदुस्थान या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येणाऱ्या त्या लहान चौकटीने कित्येकांचे घर वाचवले आहे.

जागा ५०० चौरस मीटरहून मोठी असेल आणि ८ हून अधिक सदनिका असतील, तर प्रकल्प महारेरात नोंदलेला असलाच पाहिजे. प्लॉटच्या लेआउटलाही हा नियम लागू आहे, तो फक्त फ्लॅटचा नाही. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. रोखीने वीस हजार किंवा त्याहून अधिक देऊ-घेऊ नका, घेणाऱ्याला तितकाच दंड बसू शकतो. आणि रजिस्ट्री घरातल्या बाईच्या नावे करा. घर किंवा फ्लॅट असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आणि घर तिचे असणे हे त्या टक्क्याहून मोठे आहे.

पाणी कुठून येणार, हेही विचारा. अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी येते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा प्रकल्पातून. त्या जलवाहिनीचे शेवटचे टोक तुमच्या लेआउटपासून किती दूर आहे? "बोअर मारून देतो" असे उत्तर मिळाले तर सावध व्हा, कारण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा कुणाचे ऐकत नाही. चिखलदऱ्याकडे जागा पाहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. कुणी मधला मार्ग सांगत असेल तर तो तुम्हाला आणि त्या कुटुंबाला, दोघांनाही बुडवतो आहे.

कागद नीट झाले तरी घर मातीवर उभे राहते, आणि आपली माती साधी नाही. आपल्या वाडवडिलांनी वस्ती पांढरीवर केली आणि काळी पेरायला ठेवली. आपण मात्र घरे काळीवर बांधू लागलो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर उथळ पायाचे घर वर्षाकाठी एकदा वर-खाली होते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली भेग पाहा. मे महिन्यात तिच्यात नाणे उभे जाते, ऑगस्टमध्ये ती जवळपास मिटते आणि घरवाल्याला वाटते बरी झाली. तो सिमेंटचा लेप देऊन रंग मारतो. पुढच्या उन्हाळ्यात ती तिथेच उघडते, कारण दोष भिंतीत नसून खाली आहे.

घर बांधत असाल तर मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका. अभियंत्याकडून मातीची चाचणी करून घ्या. पाया मुरुमापर्यंत न्या, आणि काळी माती फार खोल असेल तर खाली फुगीर बुंध्याचे, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल घ्या. रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी ही पद्धत विकसित केली. प्लिंथ भरायला खोदलेली काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. घराभोवती फरशीचा पट्टा करा, छताचे पाणी भिंतीपासून दूर सोडा, मोरीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका. भिंतीला चिकटून पिंपळ-उंबर तर नकोच, मोठा कडुलिंबही नको. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने सिमेंट कालवू नका. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. खारे पाणी आतली सळई गंजवते, गंज फुगतो आणि दहा-बारा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडू लागतात. त्या पाण्याची चाचणी एका टँकरच्या पैशात होते. टँकर लागला तर लागू द्या.

नदीकाठ आणि नाल्याकाठ टाळा. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीच्या पुराने अकोल्याच्या काठालगतच्या वस्त्यांत काय केले ते शहराने पाहिले आहे. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडे आणि महापालिकेत असतो, तो मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

अमरावतीकरांना ३० ऑक्टोबर २०२२ची दुपार आठवत असेल. प्रभात चौकातली जुनी, जीर्ण इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याखाली ५ माणसे गेली. त्या आठवड्यात सगळे हळहळले, शहरातल्या धोकादायक इमारतींची यादी चर्चेत आली आणि पुढे बोलणे थांबले. जवाहर रोड, इतवारा, अकोल्याचे जुने शहर, टिळक रोड इथल्या जुन्या माड्यांखालून आपण रोज जातो. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे स्थैर्य प्रमाणपत्र मालकाने घेऊन महापालिकेला द्यायचे असते, महापालिका अधिनियमात कलम २६५-अ त्यासाठीच आहे. नोटीस आली की मालक म्हणतो भाडेकरू निघत नाहीत, भाडेकरू म्हणतो निघालो तर हक्क जाईल. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे, पण स्लॅब कुणाची वाट पाहत नाही. भाडेकरूंनो, तुमचा ताबा आणि मोजमाप महापालिकेकडून लेखी नोंदवून घ्या आणि बाहेर पडा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप मरत नाही. माणूस मात्र मरतो.

फ्लॅटवाल्यांचेही तेच. बिल्डर चाव्या देऊन गेला, पुढे संस्था झाली नाही, देखभालीचे पैसे अर्धी घरे देतात आणि अर्धी देत नाहीत, गच्चीवरून पाणी गळते आणि वरच्या मजल्याचा माणूस एकटा भांडतो. संस्था किंवा अपार्टमेंट असोसिएशन नोंदवा, जमीन आपल्या नावे करून घ्या. बिल्डर टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येते, बिल्डरच्या सहीची गरज नाही. पंधरा वर्षे झालेल्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि तीस वर्षे झालेल्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करा.

शेवटी त्यांच्यासाठी, ज्यांची घरे कुलूपबंद आहेत. अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, अकोल्याच्या रामदासपेठेत, जठारपेठेत अशी कितीतरी घरे दिसतात. आई-वडील गेले, मुले पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. आधी वारस नोंद करा. भावंडांत मन मोकळे असतानाच हक्कसोडपत्र नोंदवून घ्या, वडिलोपार्जित घराचे ते किरकोळ मुद्रांकावर होते. जागा नझूलची असेल तर भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे का ते पाहा आणि मालकी हक्काच्या सवलत योजनेची चौकशी आत्ताच नझूल कार्यालयात करा, त्या योजनांना मुदती असतात. विकणारा परदेशी रहिवासी असेल तर घेणाऱ्याला कर कापून भरावा लागतो आणि तो देशातल्या विक्रेत्यासारखा १ टक्का नसतो, हे सौद्याआधी बोलून घ्या. विकायचे नसेल तर भाड्याने द्या, पण निदान वर्षातून एकदा पावसाआधी कुणाला तरी गच्चीवर चढवा. बंद घराची पन्हळ तुंबली की दोन पावसाळ्यांत भिंत उभी भिजते.

वकील मंडळींना, निवृत्त तलाठ्यांना, अभियंत्यांना कळकळीची विनंती आहे: एखादा रविवार आपल्या भागातल्या मंदिराच्या सभागृहात किंवा शाळेच्या वर्गात बसा आणि लोकांची कागदपत्रे वाचून द्या. फी घेऊ नका. माहिती नसल्यामुळेच बहुतेकांचे अडले आहे, पैशामुळे नाही.

आणि तरुण मुलामुलींनो, तुमच्या वडिलांना महाभूलेख उघडता येत नसेल, तुम्हाला येते. आज रात्री जेवणे झाली की त्यांच्याजवळ बसा, गट नंबर विचारा आणि राहत्या घराचा सात-बारा काढा. त्यावर कुणाचे नाव आहे ते मोठ्याने वाचा. नाव तुमच्या घरातले नसेल तर ज्याचे आहे त्याच्या घरी उद्या सकाळी जा.